पश्चिमेची काच

एप्रिल लागला की दुपारी दोनला ऊन आमच्या हॉलमध्ये पाय ठेवतं. आधी काचेखालच्या मोझेकवर एक अरुंद पट्टी पडते. तीनला ती दोन फरशा पुढे सरकते, चारला पलंगाच्या पायाशी येते, साडेचारला बाबांच्या पावलांवर चढते आणि पाचला त्यांच्या तोंडावर येऊन बसते, ती सव्वासहापर्यंत हलत नाही. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस डोळे मिटून पडलेला असतो. मी समोर खुर्ची टाकून बसते. विणकाम मला येत नाही, म्हणून वर्तमानपत्र धरते आणि त्याच्या वरून पाहते.

पलंग तिथे मीच ठेवला. फेब्रुवारीत बाबा घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. चाकाची खुर्ची त्यांच्या खोलीच्या दारातून जात नाही, हॉलला मात्र आतून कुठे दारच नाही, त्यामुळे पलंग हॉलमध्ये आणावा लागला. फिजिओथेरपिस्ट मुलगा म्हणाला, इथेच बरं, काकू, हवा खेळती आहे. हे सगळं खरं आहे. पण पलंगाचं डोकं कुठल्या बाजूला करायचं हे त्याने सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं. पाय काचेकडे, तोंड काचेकडे. शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला पूर्व-पश्चिम कळत नाही असं कोणी म्हणू नये.

हे आमचं घर सिंदी मेघेच्या जुन्या लेआउटमध्ये आहे. सपाट स्लॅब, मधे कुठे भिंत नसलेला लांब हॉल, हॉलमधून सरळ दिसणारं स्वयंपाकघर, जिन्याला सिमेंटच्या जाळीची भिंत, आणि पश्चिमेला जमिनीपासून स्लॅबपर्यंत लोखंडी चौकटीत बसवलेली अठरा फूट काच. बांधलं तेव्हा लोक सायकली थांबवून पाहायचे. आता तसं वाटणार नाही, कारण आता सगळीच घरं तशी आहेत. ज्या परदेशी लोकांनी असली घरं पहिल्यांदा काढली, ती थंड मुलखातली माणसं होती. वर्षातले आठ महिने त्यांना उन्हाचं दर्शन नाही. त्यांनी काच लावली ती घरात ऊन यावं म्हणून, हात जोडून बोलवावं तशी. तिथून ती काच चंदीगडला आली, चंदीगडहून नागपूरला, आणि नागपूरहून पॅसेंजर गाडीने, एका नक्शानवीसाच्या पिशवीत गुंडाळी होऊन, आमच्याकडे. वाटेत तिला कोणी सांगितलं नाही की इथे ऊन कोणी बोलवत नाही. ते घरचंच असल्यासारखं वावरतं.

तो नक्शानवीस म्हणजे माझे बाबा. नागपुरात एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ते नक्शे काढायचे, आठवडाभर तिकडेच राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्या आर्किटेक्टला आमच्या घरात नावच नव्हतं, नुसते 'साहेब'. साहेबांनी तरुणपणी दोन वर्षं चंदीगडला काम केलं होतं, आणि त्या दोन वर्षांवर त्यांनी पुढची तीस वर्षं काढली. घर कसं मोकळं असावं, भिंत कशी खोटं बोलते, पडदा कसा अडाणीपणा आहे, हे ते ऑफिसात सांगायचे आणि शनिवारी संध्याकाळी बाबा ते आम्हाला सांगायचे. आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवर सेवाग्रामला कुडाच्या भिंती आहेत, वर मातीचे कवेलू, खाली सारवलेली जमीन, आणि मे महिन्यात तिथे आत गेलं की अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं वाटतं. साहेब वर्षातून एकदा ऑफिसातल्या पोरांना घेऊन तिथे यायचे. पोरं वहीत चित्रं काढायची, वा वा म्हणायची, आणि परत जाऊन काचेची घरं काढायची.

बाबांना मात्र ही काच कोणाचं ऐकून आवडली नव्हती. त्यांचं कारण त्यांचं स्वतःचं होतं आणि ते मला मान्य आहे. माझे आजोबा गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचे. गावातल्या किती घरांच्या भिंती त्यांच्या डोक्यावरून चढल्या, पण ती घरं पुरी झाल्यावर त्यांना ओसरीच्या खाली उभं राहावं लागायचं. पाणी वरून ओतलं जायचं, ओंजळीत. छपन्न साली घरादाराने धम्म घेतला, पण ओसऱ्या जागच्या जागी राहिल्या. बाबा लहानपणी आजोबांबरोबर अशा कितीतरी ओसऱ्यांखाली उभे राहिलेले. म्हणून स्वतःचं घर काढताना त्यांनी ओसरीच काढून टाकली. हे घर साहेबांच्या ज्या नक्शावरून निघालं त्यात काचेच्या पुढे चांगला आठ फुटांचा व्हरांडा होता. बाबांनी तो खोडला. "या घरात कोनाले बाहेर थांबा लागनार नाई," असं ते म्हणायचे, आणि खरंच कोणाला थांबावं लागलं नाही. भाजीवाली असो की तहसीलदार, दार उघडलं की माणूस सरळ हॉलमध्ये. उन्हालाही थांबावं लागलं नाही.

व्हरांडा त्यांनी ठरवून खोडला होता. दुसरी गोष्ट चुकून झाली.

साहेबांनी नागपुरात कोणा डॉक्टरसाठी बंगला काढला होता. तो नक्शा बाबांच्या मनात भरला. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिस रिकामं असताना, बाबांनी त्यावर ट्रेसिंगचा पातळ कागद ठेवून तो उतरवून घेतला. फक्त रेघा. अक्षर एकही घेतलं नाही, कारण साहेबांची अक्षरं उतरवणं त्यांना चोरी वाटत होती. रेघा कोणाच्याही असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या कागदावर ना हॉल लिहिलेलं होतं, ना किचन, ना उत्तरेचा बाण. घरी आल्यावर बाबांनी गुंडाळी उलगडली आणि टेबलावर पसरली ती पालथी. ट्रेसिंगला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. त्याच पालथ्या बाजूवर त्यांनी शाईने घर पक्कं केलं, आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात खोल्यांची नावं लिहिली आणि कोपऱ्यात सुंदर बाण काढला. आरशात दिसावं तसं घर उजव्याचं डावं झालं. डॉक्टरच्या बंगल्यात काच पूर्वेला होती, सकाळचं कोवळं ऊन घ्यायला. स्वयंपाकघरही त्याच बाजूला. आणि पश्चिमेला जिना, कोठी, न्हाणीघर, म्हणजे दुपारचा मार त्यांनी खावा. आमच्याकडे मार खायला हॉल आणि स्वयंपाकघर आलं, आणि सावलीत आरामात बसलं न्हाणीघर.

घरात राहायला आलो त्या वर्षीचा उन्हाळा मला अजून पाठ आहे. मी बारा वर्षांची होते. मार्चपर्यंत घर म्हणजे नुसतं कौतुक. गुळगुळीत मोझेकवर मी फ्रॉक आवरून घसरायचे. जाळीच्या भिंतीतून सकाळी जिन्यावर चौकोनी चांदण्या पडायच्या, त्या मोजत मी वर जायचे आणि मोजत खाली यायचे. हे घर सुंदर होतं, आजही आहे, आणि हे मी त्याच्यावर दया म्हणून लिहीत नाही. मग एप्रिल आला. परीक्षा झाल्या, निकाल लागला, आणि काच तापायला लागली. दुपारी तिच्याजवळून गेलं तरी गालाला चटका जाणवायचा. कूलर होता, पण अठरा फूट काचेपुढे तो बिचारा नुसताच आवाज करायचा.

आईने आधी तुराट्यांचा टट्टा मागितला. तिच्या माहेरी, वडनेरला, तुरीचं पीक निघालं की तुराट्यांचे टट्टे बांधायचे आणि उन्हाच्या बाजूला टेकवायचे. पाणी मारलं की झालं. तिने जेवताना सहज म्हणावं तसं म्हटलं, टट्टा आणून बाहेरून टेकवू या, दोन महिने. बाबांनी घास खाली ठेवला. गाव सोडून आलो तरी तुराट्या काही पाठ सोडत नाहीत, असं ते म्हणाले, आणि मग सांगितलं की मे महिन्यात साहेब घर पाहायला येणार आहेत, कोणत्याही रविवारी येतील, आणि या घराला टट्टा लावलेला त्यांना दिसला तर ते बाबांना माणसात गणणार नाहीत.

आईने त्यावर वाद घातला नाही. तिला वाद घालायची सवय नव्हती. पुढच्या आठवड्यात तिने ट्रंकेतून कापड काढलं. जाड, न धुतलेली खादी, वर्ध्यातूनच घेतलेली, आठ पट्टे जोडून शिवलेला एकच लांबलचक पडदा, वर हाताने काजं केलेली, खाली दुमड घातलेली. दुपारी बाबा नव्हते तेव्हा आम्ही दोघींनी तो काचेपुढे धरून पाहिला. मी स्टुलावर एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. इकडून तिकडे बरोबर बसला, बोटभर कमी नाही की जास्त नाही. हॉलमध्ये एकदम संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं, आणि आई कापडाच्या आड उभी राहून हसली. इतकं नेमकं माप तिने कधी घेतलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

शनिवारी बाबा आले. त्यांनी पडदा पाहिला, हात लावला, शिवण चांगली आहे म्हणाले. मग म्हणाले, "काचेले पडदाच लावाचा असन तं काच काऊन लावली?"

हे वाक्य आमच्या घरात पुढे कायद्यासारखं राहिलं. दरवर्षी मार्च संपताना आई एकदा काचेकडे पाहायची, बाबा एकदा ते वाक्य म्हणायचे, आणि उन्हाळा सुरू व्हायचा. पडदा घडी होऊन ट्रंकेत गेला.

आई मग न्हाणीघरात बसायला लागली. स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकायची, तरी दुपारचं काम उरायचंच. तांदूळ निवडणं, शेंगा सोलणं, माझे कपडे दुरुस्त करणं. न्हाणीघर पूर्वेला, दुपारी घरातली तीच एक थंड जागा. ती जमिनीवर दोन तांबे पाणी ओतायची, त्यात लाकडी पाट टाकायची आणि भिंतीला टेकून बसायची. दार उघडं ठेवायची, म्हणजे कोणी आलं तर कळावं. सायकलवरून जाणारे लोक आमचा मोकळा हॉल पाहून मान हलवायचे आणि त्या हॉलची मालकीण बादलीशेजारी बसून भाजी निवडत असायची. मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणी आल्या की मी त्यांना सांगायचे, आई आंघोळीला गेली आहे. एकदा एक जण म्हणाली, तुझी आई दिवसातून किती वेळा आंघोळ करते, आणि सगळ्या हसल्या, आणि मीही हसले. आईने ते ऐकलं असणार. दार उघडंच होतं.

मे लागला आणि त्याचे तीन रविवार गेले. प्रत्येक रविवारी हॉल पुसायचा, काच वर्तमानपत्राने घासायची, आईने चांगलं लुगडं नेसायचं, कैरीचं पन्हं करून ठेवायचं. साहेब यायचे नाहीत. पन्हं संध्याकाळी आम्हीच प्यायचो. शेवटी नवतपा लागला, आमच्याकडचे ते नऊ दिवस जेव्हा कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसतात, आणि त्यातल्या रविवारी दुपारी साडेचारला साहेबांची गाडी दारात थांबली.

साहेब हॉलमध्ये आले आणि थांबले. ऊन तेव्हा हॉलच्या मधोमध आलेलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली, काचेकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग पुन्हा काचेकडे. बाबा मोठ्या हौसेने नक्शाची गुंडाळी घेऊन आले. आई मागच्या अंगणात रांजणातून पाणी काढत होती. मी पन्ह्याचा ट्रे घेऊन कोठीच्या तोंडाशी पोचले होते. साहेबांनी तो कागद उघडला, क्षणभर पाहिला आणि पालथा करून काचेवर धरला. मागून ऊन आलं आणि सगळ्या रेघा उलट बाजूने लख्ख दिसल्या.

"अरे, तू ट्रेसिंग पालथं घातलंस," साहेब म्हणाले. "ही काच पूर्वेची आहे." आणि ते हसले. वाईट नाही हसले. पोराने मोजे उलटे घातले तर हसतात तसे. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की असू दे, छान झालंय, कोणाला कळणार आहे. पन्हं प्यायले, दुसरा ग्लास नको म्हणाले, आणि पंधरा मिनिटांत गेले. जाताना गाडीत बसायच्या आधी त्यांनी घराकडे एकदा पाहिलंसुद्धा नाही.

आई अंगणातून आली. साहेब काय म्हणाले, तिने विचारलं. खूप आवडलं म्हणाले, असं बाबांनी सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.

त्या दिवसापासून माझ्या हातात एक हत्यार आलं आणि मी ते परजून वापरलं. बाबा रागावले की मी काही बोलायचे नाही, नुसती काचेकडे पाहायचे. बाबा बोलता बोलता अडखळायचे. दहावीनंतर त्यांना मला नागपूरला शिकायला पाठवायचं नव्हतं. मी जेवणाच्या पाटावरून काचेकडे पाहत राहिले, तीन रविवार, आणि चौथ्या शनिवारी त्यांनी होस्टेलचा फॉर्म आणला. त्यांना वाटत असेल, पोरीला उजेड आवडतो. मी स्वतःला सांगायचे की हे मी आईसाठी करते. आईसाठी मी काहीच केलं नाही. तिला खरं सांगितलं असतं तर तिला निदान हे तरी कळलं असतं की तिच्या दुपारी कुठल्या मोठ्या तत्त्वावरून गेल्या नाहीत, एका पालथ्या कागदावरून गेल्या. पण मला वाटायचं, तिला हे कळू नये. एवढं तरी तिच्यापासून लपवावं. माझ्या मते ती माझी माया होती.

आणि बाबा? ज्याला आपली चूक कळली तो माणूस काय करेल? बाबांनी तो नक्शा वाटला. लेआउटमध्ये प्लॉट भरत होते. मास्तर, कारकून, पोस्टातले, सगळे यायचे आणि आमच्या हॉलमध्ये उभे राहून म्हणायचे, आम्हाला असंच पाहिजे. साहेबांनी स्वतः येऊन पाहिलेलं घर म्हणून त्याला मान होता. बाबा प्रिंट काढून द्यायचे, हौसेने, फुकट. आमच्या ओळीत आणि मागच्या ओळीत मिळून अकरा घरं आहेत, अकराच्या अकरा पश्चिमेला उघडी बांधलेली. आपली चूक एकटी उभी असली तर दिसते, दहा जणांनी केली की ती पद्धत होते. मागच्या ओळीतल्या एका मास्तरीणबाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात काचेच्या जागी वीट लावून घेतली. बाबा पुढे कधी त्यांच्या घरी चहाला गेले नाहीत.

आता समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एका तरुण जोडप्याचं घर उठतंय. त्यांनी मोबाइलवर मला चित्र दाखवलं: सपाट छप्पर, भिंती नसलेला हॉल, आणि पश्चिमेला अखंड काच. मी विचारलं, ऊन? मुलगा म्हणाला, एसी आहे ना, मावशी. चूक तीच आहे, फक्त तिला आता एसी लागला आहे.

आई चार वर्षांपूर्वी गेली, पावसाळ्यात. उन्हाने गेली असं मी म्हणणार नाही. साखर होती, मग किडनी. पण शेवटच्या दोन उन्हाळ्यांत तिला न्हाणीघरात खाली बसता येत नव्हतं, म्हणून बाबांनी तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. खुर्ची ठेवली. पडदा लावला नाही.

या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या कॉलेजातून एक मुलगी आली. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. साहेबांच्या काळातल्या घरांवर तिचा अभ्यास चालला होता. साहेबांनी काढलेला तो डॉक्टरचा बंगला पाडून तिथे दवाखान्याची इमारत झाली म्हणे, त्यामुळे आमचं घर तिला फार मोलाचं. चारच्या सुमाराला ती कॅमेरा घेऊन हॉलमध्ये उभी राहिली आणि तिचा चेहरा उजळला. किती सुंदर लाइट येतो हो इथे, म्हणाली, वेस्टचा लाइट इतक्या धीटपणे कोणी घेत नाही. बाबा उशीवरून मान उचलून म्हणाले, "ते मुद्दाम केलं होतं." मग अर्धा तास बोलत होते. भिंत कशी खोटं बोलते. पडदा कसा अडाणीपणा आहे. मुलगी लिहून घेत होती. निघताना तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, काकू, तुम्ही किती लकी, अशा घरात वाढलात.

मी तिला गेटपर्यंत पोचवलं, परत आले आणि खुर्चीत बसले. बाबांचा चेहरा उन्हात होता आणि ते खूश होते. मुद्दाम केलं होतं. त्यांना हे म्हणताना पाहून मला जो संताप आला तो मला आवडला, हेही लिहून टाकते.

पुढचे चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी ऊन तोंडावर आलं तेव्हा बाबांनी हात उचलून डोळ्यांवर धरायचा प्रयत्न केला. हात फार वेळ राहिला नाही.

"बेबी," ते म्हणाले, "पडदा लाव ना वं."

चाळीसहून जास्त वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं. उत्तर तयारच होतं, त्यांच्याच आवाजात.

"काचेले पडदाच लावाचा असन तं काच काऊन लावली?"

मग मी सगळं बोलले. साहेब काय म्हणाले होते ते, ट्रेसिंग काचेवर धरलं ते, मी कोठीच्या तोंडाशी उभी होते ते. आईला मी कधी सांगितलं नाही, तिला बिचारीला शेवटपर्यंत वाटत राहिलं की तुमच्या मोठ्या विचारांपायी ती भाजली. मी आवाज चढवला नाही. शाळेत निकाल वाचून दाखवायचे तसं वाचून दाखवलं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. मी ऐकलं होतं हे त्यांना तेव्हापासूनच माहीत होतं, म्हणाले. माझ्या हातातल्या ट्रेमधले ग्लास तेव्हा वाजत होते. मग ते म्हणाले, "साहेबानं काई नवीन नाई सांगतलं. तुह्या आईनं सांगतलं होतं मले. चुना टाकला त्या दिशी."

घर बांधायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या रेघांनी त्याची आखणी करतात, कुठली भिंत कुठे ते दाखवायला. त्या दिवशी बाबांनी आईला प्लॉट दाखवायला आणलं होतं. दुपारचे चार वाजले होते. आई चुन्याच्या चौकोनांतून चालत गेली, हॉल कुठला, चूल कुठली विचारत, आणि चुलीच्या जागी जाऊन उभी राहिली. म्हणाली, इथे तर मला आयुष्यभर उभं राहायचं आहे, आणि ऊन सरळ तोंडावर येतं. काही उलटं झालंय का पाहा. बाबा तिला म्हणाले, नक्शा तुला समजतो की मला? पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी मूळ नक्शा काढून पाहिला आणि त्यांना कळलं. पाया खणायला अजून चार दिवस होते. पण गवंड्यांसमोर, ज्यांच्या हाताखाली त्यांचा बाप विटा वाहत होता त्या गवंड्यांसमोर, नक्शेवाल्याने आपल्याच घराची पूर्व-पश्चिम चुकवली हे त्यांना म्हणायचं नव्हतं.

"चुना पुसाले दोन घंटे लागले असते, बेबी," ते म्हणाले. "दोनच घंटे."

आणि आईने मग काय केलं, मी विचारलं. काही नाही, ते म्हणाले. ती पश्चिमेच्या रेघेपाशी गेली, खाली बसली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने माप घेत गेली, कोपरापासून बोटापर्यंत, कोपरापासून बोटापर्यंत. तिच्या कोपराला चुना लागला होता. त्याच आठवड्यात ती बाजारातून खादी घेऊन आली.

म्हणजे भिंत उभी राहायच्या आधी तिचा पडदा शिवून तयार होता. साहेब आले त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं ते काय झालं हे विचारायला नव्हतं. मी तिच्यापासून जे जपत होते ते तिने माझ्या आधीपासून, माझ्यापासून आणि बाबांपासून, जपलं होतं. त्या घरात आम्ही तिघंही एकच गोष्ट जाणत होतो आणि तिघांनीही ती दुसऱ्याच्या भल्यासाठी लपवली, आणि त्या भल्याचा सगळा ताप एकटीने न्हाणीघरात बसून काढला.

मी उठले. आईच्या ट्रंकेत तळाशी पडदा होता, जसा ठेवला तसा. आणला, काजांतून सुतळी ओवली, ती चौकटीच्या दोन टोकांना बांधली आणि पडदा ओढला. इकडून तिकडे बरोबर बसला. पण इतकी वर्षं तो एकाच घडीत होता. जिथे जिथे घडी होती तिथे कापड विरलं होतं, आणि ताण बसताच ते त्या त्या जागी फाटत गेलं, वरपासून खालपर्यंत, सरळ रेघांत. मधलं कापड शाबूत, घड्या तेवढ्या उघड्या. त्या फटींतून ऊन आत आलं आणि बाबांच्या छातीवर, मानेवर, तोंडावर पट्ट्या उमटल्या. एक पट्टी नेमकी डोळ्यांवर होती.

"बसला ना बराबर?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "बराबर बसला."

पलंगाला चाकं आहेत, तो हातभर सरकवला असता तरी चाललं असतं. घड्याळात साडेपाच झाले होते, ऊन हलायला अजून पाऊण तास होता. मी खुर्ची उचलली, न्हाणीघरात दोन तांबे पाणी ओतलं आणि तिथे जाऊन बसले.